स्निग्धांश : कोठे राखावा, कोठे सोडावा



इतिहास, तत्त्वज्ञान आणि राजकारण ह्यांच्या पंक्तीला स्वयंपाकघरातला एक विषय येऊन बसलेला पाहून आपल्यापैकी कित्येकांना थोडे हसू आले असेल. परंतु ज्या प्रश्नावरून घरोघरी दिवसातून दोन वेळा कुरबूर होते, त्याला क्षुल्लक तरी कसे म्हणावे? घरातल्या वडील माणसाचे रक्त तपासले जाते, डॉक्टर तूपतेल कमी करावयास सांगतात, आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या घराचे दूध बदलते. आजोबांसाठी आणलेले निळसर, पातळ दूध नातवंडांच्याही पेल्यात येते. आजींना वाटते, मुलांच्या तोंडचा घास गेला; सूनबाईंना वाटते, आपण सर्वांचे आयुष्य वाढवीत आहोत. आणि चार दिवसांनी श्रीखंड आंबटढाण झाले, पनीर वातड झाले, भाजीला चव राहिली नाही, म्हणून सगळेच बाहेर जाऊन तळलेले खाऊन येतात! म्हणजे पथ्यही साधले नाही आणि चवही गेली.

स्निग्ध पदार्थ चांगले की वाईट, असा प्रश्न आपण विचारतो, तेथेच आपली वाट चुकते. तो प्रश्न स्वयंपाकघराच्या दारापाशी उभे राहून विचारण्यासारखा नाही. आत जाऊन प्रत्येक पातेल्यापाशी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : ह्या पदार्थात स्निग्धांश काही काम करतो आहे, की नुसता बसून आहे? काम करीत असेल तेथे तो पुरता ठेवावा आणि पदार्थ बेताने खावा. नुसता बसून असेल तेथून त्याला निरोप द्यावा. आजच्या सगळ्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहू. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थापासून शरीराला सुमारे ४ उष्मांक मिळतात, प्रथिनापासूनही तेवढेच. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून मात्र ९ मिळतात. त्यामुळे लहानसा चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, तूप ४५ उष्मांकांचे होते. दुधाचे पाहा. पिशवीबंद दुधाचे जे प्रकार आपल्याकडे विकले जातात त्यांत स्निग्धांश किती असावा हे कायद्याने ठरवून दिलेले आहे : फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्ड दुधात ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५, आणि साय पूर्ण काढलेल्या दुधात अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही. चार माणसांच्या घरी रोज एक लिटर दूध येत असेल आणि फुल क्रीमच्या जागी टोन्ड आणले, तर घरात येणारा स्निग्धांश सुमारे ३० ग्रॅमने घटतो. म्हणजे साऱ्या घरात मिळून सहा लहान चमचे तूप वाचले, माणशी दीड चमचा. ही बचत खरी आहे, पण ती केवढी हे ध्यानात असावे. दोन बटाटेवडे खाल्ले की ती सहज भरून निघते.

ह्या टोन्ड दुधाची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. ते आरोग्यासाठी निघालेच नाही. ते टंचाईतून निघाले. मुंबईसारख्या शहरात दूध थोडे आणि पिणारी तोंडे फार. म्हशीचे दूध दाट, त्यात स्निग्धांश सहासात टक्के. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी योग्य प्रमाणात मिसळली, तर स्निग्धांश निम्म्यावर येतो, प्रथिने मात्र फारशी घटत नाहीत, आणि एका लिटरचे जवळजवळ दोन लिटर होतात. ही कल्पना मुंबईत दारा खुरोडी ह्यांनी अमलात आणली. आरे दूध वसाहतीच्या उभारणीशी निगडित असलेले हे गृहस्थ पुढे १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन ह्यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी झाले. जे दूध गरिबाला परवडावे म्हणून पातळ केले, तेच आज सुखवस्तू माणूस वजन घटवण्यासाठी विकत घेतो. काळ असे वेष पालटतो.

परंतु दुधातला स्निग्धांश काढून घेणे ही गोष्ट आपल्याला खुरोडींनी शिकवलेली नाही. आपल्या आजीपणजींनी ती रोजच केली. दूध तापवावे, निववावे, वरची साय काढावी, सायीला विरजण लावावे, दही घुसळून लोणी काढावे, लोणी कढवून तूप करावे. उन्हाळ्यात लोणी विरघळून ताकात मिसळू नये म्हणून थंड पाणी घालावे. थंडीत लोण्याचे कण कडक राहून एकत्र येत नाहीत म्हणून कोमट पाण्याचा हबका द्यावा. एवढे झाल्यावर घरात दोन गोष्टी वेगवेगळ्या उभ्या राहत : एकीकडे ताक, ज्यात स्निग्धांश जवळजवळ नाही, दुसरीकडे तूप, ज्यात स्निग्धांशावाचून जवळजवळ काही नाही. ताकाची कढी होई, मठ्ठा होई, ताकातली पालेभाजी होई, आणि ती सर्वांनी पोटभर खावी. तूप मात्र बरणीत राही आणि लहानशा पळीने वाढले जाई. वरणभातावर पडणाऱ्या त्या तुपाला नावही किती बोलके दिले आहे, अन्नशुद्धी! शुद्धीसाठी जेवढे लागते तेवढे. म्हणजे घरातली बाई स्निग्धांश आधी वेगळा काढी आणि मग तो कोठे, किती घालावयाचा हे स्वतः ठरवी. आजच्या ‘लो फॅट’ पिशवीने काढण्याचे काम आपल्यासाठी केले. पण ठरवण्याचे काम आपण करावयाचे राहूनच गेले आहे.

ते ठरवावयाचे तर स्निग्धांशाची स्वयंपाकातली कामे ओळखली पाहिजेत.

पहिले काम उष्णतेचे. पाणी १०० अंशांवर उकळते आणि तेथेच थांबते. कितीही जाळ लावा, उकडलेला बटाटा तांबूस होत नाही. तेल १७०-१८० अंशांपर्यंत सहज जाते, आणि त्या उष्णतेला पिठाचा, कांद्याचा, बटाट्याचा पृष्ठभाग तांबूस होऊन त्याला खमंगपणा येतो. ह्या कामाला तेलाचा पातळ थरही पुरतो. पदार्थ तेलात पोहलाच पाहिजे असे नाही. तळावयाचेच असेल तर मात्र तेल नीट तापलेले हवे. पथ्य म्हणून कोमट तेलात हळूहळू तळलेली पुरी उलट अधिक तेल पिते.

दुसरे काम वासाचे आणि रंगाचे. मोहरी, जिरे, हिंग, कढीलिंब ह्यांचे सुगंधी अंश तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. हळदीचा पिवळा रंग आणि मिरचीचा तांबडा रंग हेही तेलाचेच सोबती. मिसळीच्या पातेल्यावर तरंगणारी तर्री लाल का, तर मिरचीचा रंग तेलाने उचलून वर नेलेला असतो म्हणून. फोडणीतून तेल अजिबात काढून टाकले तर मसाला असूनही भाजी मुकी होते. पण येथेही प्रमाणाचा विवेक आहे. चार माणसांच्या भाजीत मसाल्याचा वास उतरवण्यास दोन लहान चमचे तेल पुरते. उरलेले तेल फक्त तवंग होऊन तरंगते. आमटी उकळल्यावर शेवटी वरून चमचाभर फोडणी दिली तर वास उडून जात नाही आणि तेल आणखी कमी लागते. मिसळीची तर्री वेगळ्या भांड्यात ठेवून ज्याला हवी त्याने घ्यावी, ही पद्धत तर फारच शहाणपणाची. ती ताकतुपाच्या न्यायाचीच आहे.

तिसरे काम खुसखुशीतपणाचे. कणीक किंवा मैदा पाण्यात भिजवला की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, शंकरपाळ्याला नको असते. म्हणून पिठाला आधी मोहन चोळतात. तुपाचा लेप पिठाच्या कणांवर बसतो, पाणी बेताने आत शिरते, जाळे तोकडे राहते आणि शंकरपाळा तोंडात विरघळतो. मोहन वगळून त्या जागी दही घातले तर पीठ मऊ होईल, खुसखुशीत होणार नाही. कारण दह्यात मुख्यतः पाणीच आहे. उलट मोहन बेसुमार झाले तर चकली तेलात विरघळते आणि तेलही अधिक पिते. मोहनाचे माप पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते उगाच नव्हे. फराळाच्या पदार्थांत स्निग्धांशाला पर्याय शोधू नये. डबा लहान करावा.

चौथे काम दुधाच्या पदार्थांना अंग देण्याचे, आणि सर्वांत अधिक फसगत येथेच होते. पनीर घ्या. कायद्याप्रमाणे नेहमीच्या पनीरच्या सुक्या भागात निम्मा तरी स्निग्धांश असतो. ‘लो फॅट’ पनीरच्या सुक्या भागात तो १५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. प्रथिनांच्या जाळ्यात जागोजागी अडकलेले स्निग्धांशाचे थेंब पनीर मऊ ठेवतात. ते गेले की जाळे आवळते आणि पनीर रबरासारखे लागते. अशा पनीरचे तुकडे रस्श्यात घालून पाहुण्यांपुढे ठेवू नयेत; पण कुस्करून त्याची भुर्जी केली, तर चिवटपणा लपतो आणि प्रथिने पुरेपूर मिळतात. खव्याचेही तसेच. साय काढलेले दूध आटवले तर ते बुडाला धरते आणि कोरडा, टणक गोळा हाती येतो. मऊ खवा हवा तर म्हशीचेच दूध हवे. परंतु ‘जितके दाट तितके उत्तम’ हाही नियम नव्हे. बंगाली रसगुल्ल्याला गाईच्या दुधाचा छेना लागतो. स्निग्धांश फार झाला तर पाकात उकळताना गोळे फुटतात.

दह्याची गोष्ट घ्या. तापलेल्या रस्श्यात दही घातले की ते फुटते. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधातली प्रथिने आक्रसून गाठी होतात. साईचे दही ही चाल काहीसे सोसते. पातळ दही मुळीच सोसत नाही. मग बिनलोण्याच्या ताकाची कढी फुटत कशी नाही? बेसनामुळे. पिठातले सत्त्व प्रथिनांच्या कणांमध्ये शिरून त्यांना गोळा होऊ देत नाही. म्हणजे स्निग्धांशाचे एक काम येथे चमचाभर पिठाने केले. कमी स्निग्धांशाचे दही भाजीत घालावयाचे असेल त्यांनी कढीचाच धडा गिरवावा : दही घुसळून, त्यात थोडे बेसन कालवून, मंद आचेवर, ढवळत घालावे.

आणि श्रीखंड? साय काढलेल्या दुधाचा चक्का आंबट, खरखरीत आणि खडूसारखा लागतो. तो आंबटपणा मारण्यासाठी साखर वाढवावी लागते. म्हणजे एक पथ्य पाळताना दुसरे मोडले. गंमत अशी की, मोठ्या डेअऱ्यांत श्रीखंड करताना पुष्कळदा साय काढलेल्या दुधाचेच दही लावतात, यंत्राने त्याचा चक्का काढतात, आणि शेवटी साखरेबरोबर दाट साय मोजून मिसळतात. ताक वेगळे, तूप वेगळे, हा आजीचाच न्याय यंत्राने उचलला! घरीही हे साधते. टोन्ड दुधाचा चक्का पक्का बांधून पुरते पाणी गळू द्यावे, आणि पुरणयंत्रातून काढताना दोन मोठे चमचे साय मिसळावी. जिभेला मऊपणा मिळतो आणि साखरही फाजील लागत नाही.

पाचवे काम पोटातले आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळणारी आहेत. गाजरातला आणि पालेभाजीतला जो अंश शरीरात गेल्यावर ‘अ’ जीवनसत्त्व बनतो, तो शोषला जाण्यासही जेवणात थोडे तेलतूप असावे लागते. म्हणून बिनतेलाची गाजराची कोशिंबीर दिसावयास सात्त्विक खरी, पण तिच्यावर चमचाभर फोडणी घातली तर ती अधिक उपयोगी पडते. दुधातला स्निग्धांश काढला की त्याबरोबर ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वेही जातात. म्हणून पुष्कळ डेअऱ्या ती वरून घालतात आणि पिशवीवर तसे छापतात. दूध घेताना तेवढे वाचून घ्यावे.

आता, जो स्निग्धांश डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल. तूप मोजणारे पुष्कळ लोक दाण्याचे कूट मोजत नाहीत. भुईमुगाच्या दाण्यात वजनाने जवळजवळ निम्मे तेल आहे, तिळातही तसेच. काकडीची खमंग काकडी करताना मूठभर कूट पडले की त्यात तीनचार चमचे तेल आलेच. हे तेल तुपाहून हृदयाला सौम्य असले तरी उष्मांक तेच. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो. कोकणात आणि गोव्यात नारळाचा पहिला दाट रस आणि नंतरचा पातळ रस वेगळा काढतात, पदार्थ पातळ रसात शिजवतात आणि दाट रस शेवटी घालून उकळी न येऊ देता उतरवतात. दाट रस खळखळा उकळला तर फुटून तेल सुटते, हे ह्याचे पाकशास्त्र झाले. पण ह्याच रीतीत पथ्यही दडलेले आहे : पातळ रसावर भागवून दाट रसाची वाटी निम्मी केली, तर चव फारशी उणी होत नाही.

येथवर चवीचे बोललो. पण डॉक्टर बिचारे चवीसाठी बोलत नाहीत. त्यांच्या सांगण्यामागचा इतिहासही पाहू. अमेरिकेत १९५० नंतर हृदयविकाराची धास्ती वाढली. १९५५ साली खुद्द अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांना झटका आला. अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतील पुरुषांच्या आहाराचे आणि हृदयविकाराचे अध्ययन आरंभले. लोणी, दूध भरपूर खाणाऱ्या फिनलंडमध्ये हृदयविकार फार आढळला. पण ग्रीसमधील क्रीट बेटावरचे लोक ऑलिव्हच्या तेलात अन्न अक्षरशः बुडवून खात, आणि तरीही त्यांच्यात हा विकार अगदी थोडा होता. म्हणजे स्निग्धांश किती ह्याइतकाच तो कोणता हाही प्रश्न होता. लोकांच्या कानी मात्र पहिलाच अर्धा भाग गेला. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीने स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला दिला. पुढे बाजारात ‘लो फॅट’ मालाचा पूर आला. स्निग्धांश काढल्यावर गेलेली चव कारखानदारांनी साखरेने आणि पिठाने भरून काढली. २००६ साली तेथील सुमारे ४९ हजार स्त्रियांवरील आठ वर्षांच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण स्निग्धांश कमी केल्याने त्यांच्यातील हृदयविकारात लक्षणीय घट झाली नव्हती.

ह्याचा अर्थ तुपाची बरणी उपडी करावी, असा नव्हे. तूप, लोणी आणि खोबरेल ह्यांतील संपृक्त स्निग्धांश रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतो आणि त्याजागी शेंगदाणा, तीळ, मोहरी, करडई ह्यांची तेले आली तर ते घटते, हे पुष्कळ प्रयोगांती सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलेले प्रमाण असे : दिवसाच्या उष्मांकांपैकी स्निग्धांशातून ३० टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, त्यांतही संपृक्त स्निग्धांशातून १० टक्क्यांहून अधिक नकोत. खरा शत्रू म्हणून सर्वांनी एकमुखाने दाखवलेला आहे तो तेल अर्धवट गोठवताना तयार होणारा ट्रान्स स्निग्धांश. आपल्याकडे वनस्पती तुपातून तो वर्षानुवर्षे पोटात गेला. भारतात जानेवारी २०२२ पासून तेलातुपातील त्याची मर्यादा २ टक्के करण्यात आली आहे. आणि तूप सोडून त्या जागी साखर किंवा मैदा खाल्ला, तर हृदयाचे कल्याण होत नाही. बिनतुपाचा शिरा म्हणून दुप्पट साखरेचा शिरा खाणे हे पथ्य नव्हे. ते पथ्याचे सोंग होय.

पिशवी आणि डबा वाचण्याचीही सवय हवी. शंभर ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅमपर्यंत, किंवा शंभर मिलिलिटर द्रवात दीड ग्रॅमपर्यंत स्निग्धांश असला तरच त्यावर ‘लो फॅट’ लिहिता येते. पण त्याच डब्याच्या पाठीमागे साखर किती आहे ती ओळ अधिक बारीक अक्षरांत असते. फळे घातलेल्या ‘लो फॅट’ दह्याची ती ओळ जरूर वाचावी.

घराचा हिशेब मांडावयाचा एक सोपा मार्ग सांगतो. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला वरून घातलेले तेल, तूप, लोणी सगळे मिळून २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चारपाच लहान चमचे पुरतात. महिन्याला ते माणशी सुमारे पाऊण किलो भरते. चार माणसांच्या घराला तीन किलो. महिन्याच्या यादीत तेल आणि तूप मिळून पाच किलो येत असेल, तर दूध बदलून काय साधणार? आधी कढई बदलावी. दूध रोज येते आणि त्यातला स्निग्धांश डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यावर राग निघतो. कढईतला दिसत नाही, म्हणून तो सुटतो.

शेवटी घरातल्या माणसांबद्दल. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला साय काढलेले दूध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्या वयात मेंदूची वाढ झपाट्याने होते, पोट लहान असते, आणि थोड्या घासांत पुष्कळ शक्ती मिळावी लागते. वाढत्या, खेळत्या, सडपातळ मुलाला आजोबांचे पथ्य लावण्याचेही कारण नाही. वयोवृद्ध माणसाची भूक मंदावली असेल, वजन उतरत असेल, तर त्याच्या भातावरचे चमचाभर तूप काढून घेण्यापूर्वी डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारावे. आणि ज्याला खरोखर पथ्य सांगितलेले आहे त्याने ते निष्ठेने पाळावे. एका घरात एकच पातेले असू शकते, पण एकच माप असावे असे नाही. आमटी सर्वांची एकच करावी, फोडणी बेताची द्यावी, आणि तुपाची वाटी पानापाशी फिरवावी. ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे पळी रिती व्हावी किंवा तशीच पुढे जावी. चहा, ताक, कढी, मठ्ठा ह्यांना टोन्ड किंवा डबल टोन्ड दूध खुशाल वापरावे; पेढा, श्रीखंड, करंजी सणाला करावी, ती पुऱ्या स्निग्धांशाची करावी आणि एकच वाढावी.

आपण उद्या सकाळी ओट्यापाशी उभे राहाल तेव्हा हातातल्या चमच्याला एवढेच विचारा : तू येथे कोणते काम करणार आहेस? उत्तर मिळाले तर तो चमचा निःशंकपणे पातेल्यात रिता करा. उत्तर मिळाले नाही, तर तो बरणीत परत गेला तरी पदार्थाचे काही बिघडणार नाही, आणि खाणाऱ्याचे भलेच होईल.